आपत्तीतील लूट आणि कायद्याचा पहारा

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळातील वायनाड जिल्ह्यात दरडी कोसळल्या आणि मुंडक्कै व चूरलमला या गावांची वाताहत झाली. शेकडो माणसे दगावली. जी वाचली ती छावण्यांच्या आश्रयाला गेली. काही दिवसांतच मागे राहिलेल्या ओस घरांत चोरटे शिरत असल्याच्या तक्रारी आल्या आणि पोलिसांना रात्रीची गस्त घालावी लागली. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे सर्वत्र असतात, एवढेच म्हणून हा विषय सोडून देता येणार नाही. अशा गुन्ह्यांना अधिक कडक शिक्षा असावी काय, याचा विचार झाला पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत आणि राहत्या घरातील चोरीस सात वर्षांपर्यंत कैद आहे. आपत्तीत रिकाम्या केलेल्या घरातील चोरी हा स्वतंत्र गुन्हा मात्र तीत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दंडसंहितेत तो आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात वणवे पेटले, तेव्हा रिकाम्या वस्त्यांत संचारबंदी पुकारून तेथे पहाऱ्यासाठी सैनिकही आणावे लागले.

हा भेद रास्त आहे. पूर चढत असता गृहस्थ घर सोडतो तो स्वेच्छेने नव्हे, सरकारच्या सांगण्यावरून. घराची किल्ली जणू तो शासनाच्याच हाती देतो. तो विश्वास एकदा लुटला गेला, की पुढच्या पुरात तो उंबरठा सोडणार नाही. आणि मग प्रश्न भांड्याकुंड्यांचा न राहता प्राणांचा होतो. ज्या मालाला राखणदार नाही त्याचे राखणदार कायद्याने व्हावे, हे तत्त्व आपल्याकडे जुनेच आहे. मृताची मालमत्ता वारसाच्या हाती जाण्यापूर्वी लाटणाऱ्यास १८६० च्या दंडसंहितेनेच वेगळा गुन्हेगार ठरविले होते. आपद्ग्रस्ताच्या घरालाही तोच न्याय लागू व्हावा.

तथापि केवळ वर्षे वाढवून चोर भीत नाही. शिक्षा किती यापेक्षा आपण सापडू काय, याचाच हिशेब तो अधिक करतो. आणि आपत्तीत पोलीस बचावकार्यात गुंतलेले असतात. म्हणून घरे रिकामी करण्याच्या आदेशाबरोबरच पहाऱ्याची योजनाही तयार असली पाहिजे. तसेच शिक्षेची कमाल मर्यादा वाढवावी, किमान मर्यादा मात्र लादू नये. उपाशी पोरासाठी दुधाची पिशवी उचलणारी आई आणि ट्रक आणून वस्ती साफ करणारी टोळी यांतील फरक न्यायाधीशाला करता आला पाहिजे.

आणखी एक लूट दिवसाढवळ्या, कागदोपत्री होते. मदतीचा पैसा वा धान्य ज्याच्या स्वाधीन केले त्यानेच ते गिळले, तर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात त्यास दोन वर्षांपर्यंतच कैद आहे. सामान्य नागरिकाला त्याविरुद्ध न्यायालयात जाण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. संहितेतील अपहाराची कठोर कलमे उपलब्ध आहेत हे खरे. पण खास आपत्तीसाठी केलेल्या कायद्यानेच विश्वासघात सामान्य चोरीपेक्षा सौम्य मानावा, हे विपरीत आहे.

कायदा कडक करायचाच असेल, तर आरंभ येथून व्हावा. घर सोडून निघालेल्या माणसाने मागे वळून पाहिले, तर कुलपावर शासनाची नजर आहे, एवढा भरवसा त्याला वाटला पाहिजे.