पायीची वहाण पायीच बरी म्हणणाऱ्यांनो, आधी आमच्या पायातले बूट बघा!

"पायीची वहाण पायीच बरी" ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कुणाला उद्देशून ऐकली आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे. ज्याने वहाण शिवली त्याला गावाने वहाणेच्या जागी बसवले. आणि ज्याने गावाची घाण उचलली, त्याला कित्येक गावांत सवर्णांच्या आळीतून जाताना पायात काही घालण्याचीही मुभा नव्हती. आज संविधान आहे, कायदे आहेत, निविदा आहेत. मग सफाई कामगाराच्या पायात आज काय आहे? हा लेख त्या पायाबद्दल आणि त्या बुटाबद्दल आहे. काही मित्रांना हा विषय किरकोळ वाटेल. तो किरकोळ का नाही, हेच सांगायचे आहे.

गेल्या पावसाळ्यात एका शहरातल्या हजेरी चौकीवर पहाटे सहाला गेलो होतो. कंत्राटी कामगार होते, बायका-पुरुष मिळून तिसेक. बहुतेकांच्या पायात रबरी स्लीपर. मुकादमाला विचारले तर तो हसून म्हणाला, "बूट दिलेत ना साहेब! हे लोक घालतच नाहीत. विकून टाकतात." हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. शिष्यवृत्तीबद्दल, घरकुलाबद्दल, आरक्षणाबद्दलही हेच ऐकवतात: दिले होते, यांनाच वापरता येत नाही.

चौकीच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर बूट टांगलेले होते. एका दादांनी त्यांचा जोड काढून दाखवला. तीन आठवडे वापरलेला. पुढून तळ सुटून मगरीसारखा जबडा उघडलेला. बाजूला झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "माझा पाय चार नंबरचा, मला दिले आठ नंबर. आता मी झाडू मारू का बूट सांभाळू, तूच सांग बाळा." त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरी पडून फाटलेली. मुंबईसारख्या शहरात दर पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण सापडतात. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून हा आजार येतो आणि फाटलेल्या कातडीतून शरीरात शिरतो. म्हणजे चिखली हा नुसता खाजेचा प्रश्न नाही.

तो जबडा उघडलेला बूट मी मागून घेतला आणि स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका चर्मकार बाबांकडे नेला. त्यांनी चष्मा पुसला, रापीने बुटाच्या वरच्या भागाची कड कापली आणि उन्हात धरली. म्हणाले, "हे बघ पोरा. वरचा पापुद्रा सोलतोय बघ, ते प्लास्टिक. खाली आहे ते चामडंच, पण गाभ्यातलं. वरचा मजबूत थर आधीच दुसऱ्याच्या बुटाला गेला."

त्या दहा मिनिटांत मी जे शिकलो, ते चळवळीच्या कुठल्याही शिबिरात शिकलो नव्हतो. तेच इथे मांडतो.

चामडे कसे ओळखायचे

जनावराचे कातडे जाड असते. ते यंत्रावर आडवे चिरून त्याचे थर काढतात. सर्वात वरचा, छिद्रे दिसणारा थर म्हणजे फुल ग्रेन. त्यातले तंतू घट्ट विणलेले असतात. तो वाकतो, पण फाटत नाही, आणि पायाचा घाम बाहेर जाऊ देतो. खालचा थर म्हणजे स्प्लिट. त्याचे तंतू सैल असतात. त्यावर प्लास्टिकचा थर चढवून ठसा मारला की दुकानात तो वरच्या थरासारखाच चमकतो. पण रोज वाकणाऱ्या जागी काही आठवड्यांत भेगा पडतात, पाणी आत शिरते आणि तिथेच मुरते. त्याहून खाली रेक्झिन. त्यात चामडे नसतेच.

कामाच्या बुटाला साधारण २ मिलिमीटर जाडीचे, क्रोमने कमावलेले फुल ग्रेन चामडे लागते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते चपलेला आणि तळाला उत्तम, पण रोज ओले होणाऱ्या बुटाच्या वरच्या भागाला क्रोमचे मऊ चामडेच बरे पडते. ओळखायची रीत सोपी आहे. बूट वाकवून बघा: खऱ्या वरच्या थराला बारीक, नैसर्गिक सुरकुत्या पडतात, प्लास्टिक चढवलेल्याला एक जाड, निर्जीव घडी पडते. कापलेली कड बघा: वर वेगळी पातळ कातळी दिसली की समजा, फसवणूक आहे.

तळ कसा निवडायचा

सर्वात स्वस्त तळ पीव्हीसीचा. तो जड असतो, आणि तेलकट, ओल्या फरशीवर घसरतो. पीयूचा तळ हलका आणि मऊ असतो. दिवसभर चालणाऱ्याला त्यात आराम मिळतो. पण त्यात एक मेख आहे. पीयूला ओलावा हळूहळू आतून खातो. असे बूट गोदामात काही वर्षे पडून राहिले की न वापरताच त्यांचे आयुष्य संपते. दिसतात नवे कोरे, आणि पायात घालून चार दिवस चालले की तळाचा भुगा होतो. आता विचार करा, सरकारी खरेदीचे बूट गोदामात किती काळ पडून असतात? "नवे बूट दिले" आणि "चार दिवसांत तुटले" ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. दोष मात्र कामगाराच्या चालीला दिला जातो!

नायट्राइल रबराचा तळ तेल, रसायन आणि उष्णता सोसतो, पण किंमत जास्त. नुसत्या गोंदाने चिकटवलेला तळ सततच्या ओलाव्यात सुटतो. वरच्या भागावर थेट ओतून बसवलेला किंवा शिवलेला तळ टिकतो, आणि शिवलेला असेल तर झिजल्यावर बदलताही येतो.

कचरा उचलणाऱ्याला आणखी एक गोष्ट हवी. कचऱ्यात काच असते, खिळे असतात, दवाखान्यातल्या सुया असतात. त्यासाठी तळात भोक न पडणारा पत्रा किंवा तसाच मजबूत थर लागतो. लोखंडी टोपीची गरज जड डबे ओढणाऱ्याला आहे. आठ तास रस्ता झाडणाऱ्या मावशीच्या पायाला ते फुकटचे ओझे आहे. म्हणजे सगळ्यांना एकच बूट हा नियमच चुकीचा आहे. आणि गुडघाभर पाण्यात कोणतेही चामडे टिकत नाही. तिथे गमबूटच हवा. पण तोच गमबूट उन्हाळ्यात दिवसभर घातला तर पाय घामात शिजतो.

ही झाली माहिती. आता राजकारण.

बूट की कागद?

२०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यात 'धोकादायक सफाई'ची व्याख्या वाचा. मालकाने सुरक्षा साधने न देता किंवा सुरक्षेची खबरदारी न घेता गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवला, तर ती धोकादायक सफाई. प्रत्यक्षात याचा अर्थ काय काढला जातो? साधने 'दिली' की ठेकेदार सुटला. म्हणून ठेकेदाराला बूट पायासाठी नको आहे. त्याला तो फाइलसाठी हवा आहे. कामगाराचा अंगठा किंवा सही घेतली की बुटाचे काम संपले. मग त्याचा तळ तीन आठवडे टिको की तीन दिवस.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. मेल्यावरची किंमत ठरली. जिवंत असताना पायात काय असावे, हे मात्र अजूनही सर्वात कमी दराची निविदा ठरवते. आणि स्पष्ट सांगतो: चांगला बूट मागणे म्हणजे गटारात उतरण्याला संमती देणे नव्हे. गटारात माणूस उतरताच कामा नये. पण रस्ता, कचरा आणि नाल्याचा काठ उद्याही आपल्याच माणसांच्या वाट्याला असणार आहे. तोवर त्यांनी अनवाणी राहायचे का?

आपल्याच चळवळीतले दोन आक्षेप

पहिला आक्षेप: "ब्राह्मणशाहीवर बोलायचे सोडून बुटांवर काय बोलता?" मित्रांनो, १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. १९३५ साली त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. त्यांना कामगाराची भाकरी आणि कामगाराची प्रतिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या नाहीत. हे दोन शत्रू एका जागी पाहायचे असतील तर त्या तीन आठवड्यांच्या बुटाकडे बघा. स्वस्त माल खपवणारे भांडवल आणि "यांना एवढे पुरे" म्हणणारी जात, दोन्ही एकाच तळाखाली चिकटवलेली आहेत. कार्यालयातल्या साहेबाच्या खुर्चीला असा माल चालला असता का?

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. "चामड्याचे काम आपण सोडले, आता चामड्याच्या गोष्टी पुन्हा कशाला?" सोडले ते योग्यच केले. मेलेली गुरे ओढू नका, असे बाबासाहेबांनी सांगितले तेव्हा 'केसरी'तून हिशेब मांडला गेला, की कातडे, शिंगे, हाडे यांचे केवढे उत्पन्न हे लोक बुडवत आहेत. १९५६ साली नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी तो प्रसंग सांगितला. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की एवढा फायदा दिसतो तर तो तुम्हीच घ्या. प्रश्न पैशाचा नव्हता, माणुसकीचा होता. आणि २०१६ साली उनामध्ये मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या तरुणांना अमानुष मारहाण केली, तेव्हा गुजरातच्या दलितांनीही मेलेली गुरे उचलणे बंद करून तेच उत्तर दिले.

पण जातीने लादलेले काम सोडणे वेगळे आणि ज्ञान सोडून देणे वेगळे. आपण काम टाकले, बरोबर केले. पण त्या कामातले ज्ञान आपल्या बापजाद्यांच्या हातांनी कमावलेले होते, ते जातव्यवस्थेच्या मालकीचे नव्हते. आज निविदेच्या टेबलावर आपल्या बाजूला फुल ग्रेन आणि स्प्लिट ओळखणारा एकही माणूस नसतो, म्हणून ठेकेदार आपल्याला फसवतो. आणि तो ओळखणारा माणूस स्टेशनबाहेर फुटपाथवर बसलेला असतो.

इथे आपल्यालाही आरसा बघावा लागेल. झाडू मारणाऱ्या मावशी एका जातीच्या, रापी चालवणारे बाबा दुसऱ्या जातीचे, कातडे कमावणारे ढोर समाजाचे भाऊ तिसऱ्या जातीचे. यांच्या सभा वेगळ्या, जयंत्या वेगळ्या, संघटना वेगळ्या. जातीने नुसती कामे वाटली नाहीत, कामे करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. मी त्या बाबांना चौकीवर नेले, तेव्हा ते आणि मावशी पहिल्यांदाच समोरासमोर बोलत होते. बाबांनी मावशींचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखला. मावशी ओशाळून म्हणाल्या, "अहो, पायाला हात नका लावू." बाबा म्हणाले, "ताई, माप घेतल्याशिवाय बूट कसा बसंल?" आपल्या एकजुटीची सुरुवात एवढ्या साध्या गोष्टीतूनही होऊ शकते.

मग करायचे काय?

एक. तुमच्या शहरात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. बुटांच्या निविदेत चामडे, तळ आणि मानक काय लिहिले होते? नमुन्याच्या तपासणीचा अहवाल कुठे आहे? माल कोणत्या महिन्यात बनला, कधी आला, कधी वाटला?

दोन. मानकाचे नाव घेऊन बोला. सुरक्षा बुटांसाठी आयएस १५२९८ हे भारतीय मानक आहे. बुटावर आयएसआय शिक्का आणि परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून खरा की खोटा ते चौकीवर उभे राहूनच तपासता येते.

तीन. मागणी नेमकी करा. प्रत्येकाच्या पायाचे माप घ्या, तेही संध्याकाळी, कारण दिवसभर उभे राहून पाय सुजतो. बायकांना बायकांच्या मापाचे बूट द्या. वर्षाला दोन जोड द्या, कारण ओले चामडे एका रात्रीत सुकत नाही, आणि दोन जोड आलटून पालटून घातले की दोन्ही जास्त टिकतात. पावसाळ्यासाठी गमबूट वेगळे, त्यासोबत सुती मोजे. कायम आणि कंत्राटी कामगार यांच्या बुटांत फरक चालणार नाही.

चार. खरेदीच्या नमुना तपासणीत कामगारांचा प्रतिनिधी आणि एक अनुभवी चर्मकार कारागीर बसवा, त्याला त्याच्या ज्ञानाचे मानधन द्या. मंजूर नमुन्याचा एक जोड सील करून चौकीवर ठेवा. आलेला माल त्याच्याशी जुळला नाही, तर सही करायची नाही.

सही करायची नाही, हे सर्वात महत्त्वाचे. कंत्राटी कामगार एकटा नाही म्हणू शकत नाही, त्याची हजेरी कापली जाते. पण चौकीवरचे तीसजण एकदम नाही म्हणाले तर मुकादमाला फाइल बंद करता येत नाही. त्या तिसांच्या शेजारी उभे राहणे हे आपले काम आहे. फक्त १४ एप्रिलला निळा झेंडा घेऊन नव्हे, तर पहाटे सहाला, हजेरीच्या वेळी.

मुकादमाला मी शेवटी एवढेच म्हणालो, "हे बूट तुम्ही एक आठवडा घालून बघा, मग कामगार का घालत नाहीत यावर बोलू." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो स्वतःच्या पायाकडे पाहत होता. त्याचे बूट चांगले होते.

जयभीम!