गावच्या संगणकाची प्रकृती

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्या-पाड्यांवर आता मोबाइल पोहोचला आहे, पण टेबलावरचा संगणक अजूनही गावात एखाद-दुसराच दिसतो. तो आपले सरकार सेवा केंद्रात असतो, ग्रामपंचायतीत असतो, झेरॉक्सच्या दुकानात नाहीतर लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करून देणाऱ्याकडे असतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, पीएम किसानची दुरुस्ती, आयुष्मान कार्ड ही सगळी कामे त्याच एका यंत्रातून होतात. शहरात कुणाच्या घरच्या संगणकाला व्हायरस लागला तर त्या घरापुरता त्रास होतो. इथे एका संगणकाला लागण झाली की पंचक्रोशीतल्या कागदपत्रांना धोका असतो. आरोग्याच्या भाषेत त्याला साथ म्हणतात, आणि म्हणूनच हा विषय या सदरात घ्यायचा.

आपण सरसकट ‘व्हायरस’ म्हणतो त्या सगळ्या घातकी प्रोग्रॅमना मालवेअर असे नाव आहे. त्यातला गावाकडे सर्वांना ठाऊक असलेला प्रकार म्हणजे पेन ड्राइव्हमधला ‘शॉर्टकट व्हायरस’. पेन ड्राइव्ह लावावा तर फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. लोकांना वाटते फोटो गेले. प्रत्यक्षात फायली बहुतेक वेळा तिथेच लपवलेल्या असतात आणि शॉर्टकटवर क्लिक केले की मालवेअर चालू होतो. मग तो संगणकात बसतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या पेन ड्राइव्हवर उतरतो. ही तऱ्हा जुनीच. पुण्यात १९९० च्या दशकात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात फ्लॉपीतून लागण झालेले संगणक येऊ लागले, धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर उतारा म्हणून प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. फ्लॉपी गेली, पेन ड्राइव्ह आला, रोगाची वाट तीच राहिली.

पण शॉर्टकट व्हायरस निदान दिसतो. खरा घात न दिसणारा मालवेअर करतो, आणि तो बहुतेकदा आपणच दार उघडून आत घेतलेला असतो. ‘विंडोज मारून देतो, ऑफिस-फोटोशॉप सगळे टाकून देतो’ असे सांगणारा कारागीर प्रत्येक बाजारपेठेत आहे. मराठी फॉन्टचे जुने पॅकेज, कोरलड्रॉ, विंडोजचा ‘ॲक्टिव्हेटर’ हे सगळे ‘क्रॅक’ करून येते. अशा क्रॅकसोबतच्या सूचनांत बऱ्याचदा पहिली ओळ असते ती अँटिव्हायरस बंद करा अशी. चोराने दाराबाहेर उभे राहून कुत्रा बांधून ठेवायला सांगावे आणि आपण तो बांधावा, तसे हे आहे. क्रॅकबरोबर येणारे काही प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि उघडी लॉगिन उचलतात व बाहेर पाठवतात. संगणक मंद होत नाही, पडद्यावर काही येत नाही. ‘लुमा’ नावाच्या अशा एकाच मालवेअरने मार्च ते मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातले ३ लाख ९४ हजार विंडोज संगणक बाधित केल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते.

आता सेवा केंद्राच्या संगणकात काय काय असते ते पाहा. केंद्रचालकाचा सरकारी पोर्टलचा आयडी असतो, ब्राउझरने ‘लक्षात ठेवलेला’ पासवर्ड असतो, गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले बँक पासबुकांचे फोटो असतात. आणि ‘डाउनलोड’ फोल्डर! आधार, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, कित्येक महिन्यांचे तिथे साचलेले असते. ई-आधारच्या फायलीला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा ठरलेला. जन्मवर्ष त्याच फोल्डरमधल्या शाळेच्या दाखल्यावर लिहिलेले असते.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयाने एक सूचना काढली होती. सायबर कॅफेतल्या किंवा सार्वजनिक संगणकावर ई-आधार डाउनलोड करणे टाळा, केलेच तर सर्व प्रती कायमच्या पुसून टाका, असे तिच्यात म्हटले होते. गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ती मागे घेतली गेली. सल्ला वैद्यकीयदृष्ट्या अचूक होता, असे मी म्हणेन. पण डोळखांबच्या आतल्या पाड्यावरच्या बाईने किंवा माळशेजच्या पायथ्याच्या शेतकऱ्याने तो पाळायचा कसा? त्यांच्यासाठी सार्वजनिक संगणक हाच एकमेव संगणक. ज्या पाण्यावाचून गत्यंतर नाही ते पिऊ नका सांगून भागत नाही, ते शुद्ध करावे लागते.

शुद्ध करण्याचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे अपडेट, आणि नेमका तोच इथे बंद करून ठेवलेला असतो. त्यामागे आळस कमी, कारणे जास्त. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते, अपडेट सुरू झाला की दिवसाचा डेटा संपतो, अर्ध्यात वीज जाते, आणि समोर रांग असते. तरीही त्याची किंमत किती असते ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर मालवेअरने १२ मेपासून दीडशेच्या आसपास देशांत फायली कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या सुमारे १९ हजार रुग्णांच्या भेटी रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांनी काढला. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिला होता, म्हणजे लस जवळजवळ दोन महिने आधी उपलब्ध होती.

यात एक नवी अडचण आली आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत घेता येते. त्यानंतर विंडोज ११ घ्यावे म्हटले, तर इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरवर ते अधिकृतपणे चालत नाही. गावातले सेकंडहँड संगणक पुष्कळसे त्याहून जुने. काम फक्त ब्राउझरमधल्या अर्जांचे आणि टायपिंगचे असेल तर लिनक्सचा विचार व्हायला हवा. तो फुकट आहे, जुन्या यंत्रावर चालतो आणि युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित उमटते. अंगठ्याच्या यंत्राचे सॉफ्टवेअर मात्र त्यावर चालते का, हे आधी तपासून घ्यावे लागेल.

बॅकअपबद्दल एकच उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे पाच सर्व्हर खंडणीखोर मालवेअरने गिळले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, कारण लागण न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवर ती शिल्लक होती. मुरबाडची औद्योगिक वसाहत ज्या एमआयडीसीच्या अखत्यारीत येते, त्या महामंडळाची यंत्रणाही मार्च २०२१ मध्ये अशाच हल्ल्याने बंद पडली होती. त्यापुढे ग्रामपंचायतीचा संगणक म्हणजे काय! पण काही हजारांची बाहेरची हार्ड डिस्क घेऊन दर शनिवारी प्रत काढली आणि डिस्क काढून कपाटात ठेवली, तर त्याचीही सोय होते. डिस्क कायम जोडून ठेवली तर मालवेअर तीही कुलूपबंद करतो.

या सगळ्याचा दोष केंद्रचालकाच्या माथी मारणे सोपे आहे. एका अर्जामागे त्याच्या हाती पडते किती, आणि त्यातून त्याने अस्सल सॉफ्टवेअर, यूपीएस, ब्रॉडबँड घ्यावे असे आपण कुठल्या तोंडाने सांगायचे? लोकसेवा हक्क कायद्याने २०१५ मध्ये वेळेत दाखला मिळण्याचा हक्क दिला. दाखल्यासाठी दिलेले कागद सुरक्षित राहण्याची तजवीजही सरकारनेच करायला हवी. पंचायत समितीने सेवा केंद्राची तपासणी करताना दरफलकाबरोबर तीन गोष्टी पाहाव्यात: अपडेट चालू आहे का, क्रॅक टाकले आहेत का, आठवड्याला ‘डाउनलोड’ रिकामे होते का. कमतरता दिसली तर दंडापेक्षा आधी तालुक्याच्या पातळीवर एक तंत्रज्ञ द्यावा. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून मालवेअर काढण्याची मोफत साधने ठेवली आहेत. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू ठेवला आणि रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटरऐवजी साधे खाते वापरले, तरी त्याला एक पैसाही पडत नाही.

आणि काउंटरच्या अलीकडे उभे राहणाऱ्यांनी संकोच सोडावा. काम झाले की ‘दादा, माझ्या फायली पुसा, रीसायकल बिनमधूनही काढा, आणि माझा ईमेल लॉगआउट करा’ एवढे म्हणावे. जिथे पूर्ण आधार क्रमांकाची गरज नाही तिथे पहिले आठ आकडे झाकलेले ‘मास्क्ड’ आधार द्यावे. ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी आला आहे हे संदेशात वाचून, नाहीतर मुलीकडून वाचून घ्यावे. खात्यातून पैसे गेल्याचे कळले तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावावा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.