समाधानाची पावती कोणाकडून?

रुग्णालयात दाखल झालेल्या बालकाच्या शुश्रूषेविषयी पालक समाधानी आहेत काय, हे जाणून घ्यावेसे सरकारला वाटले ही गोष्ट स्वागतार्हच होय. केंद्राने २०१६ साली ‘मेरा अस्पताल’ ही योजना याच हेतूने सुरू केली. रुग्णालयात नोंदविलेल्या मोबाईलवर संदेश येतो व मत विचारले जाते.

परंतु रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात हे मत देणार कोण? २०११ च्या जनगणनेनुसार येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. हा आकडा स्त्रीजन्माच्या कौतुकाचा नव्हे. कर्ते पुरुष पोटासाठी मुंबईस गेल्याचा आहे. मंडणगड वा राजापूरच्या खेड्यातून तान्हे मूल घेऊन जिल्हा रुग्णालय गाठते ती आई, सोबतीला फार तर सासू. नोंदविलेला क्रमांक मुंबईतल्या बापाचा असला, तर ज्याने तो कक्ष पाहिलाच नाही त्यानेच समाधानाची पावती द्यायची!

२०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजात बालकाचे उपचार, औषधे आणि वाहन विनामूल्य केले. पुढे वर्षापर्यंतच्या अर्भकांनाही ही सवलत मिळाली. हे काम लहान नाही. मात्र त्यात बाळंतिणीच्या आहाराची तरतूद साध्या प्रसूतीनंतर तीन आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांची आहे. कमी वजनाचे मूल कित्येकदा काचेच्या पेटीत तीन-तीन आठवडे राहते. मग उरलेले दिवस आईने जेवावे कोठे, निजावे कोठे? याचे उत्तर ज्या त्या रुग्णालयाच्या सोयीवर सोडलेले असते.

वस्तुतः आई ही रुग्णालयातली पाहुणी नव्हेच. ब्रिटनमध्ये प्लॅट समितीने १९५९ सालीच आईबापांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ द्यावे, लहानग्यांच्या आयांना तेथेच राहू द्यावे, अशी शिफारस केली होती. कोलंबियातील बोगोटा येथे सत्तरीच्या दशकाअखेरीस पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची मुले आयांच्या छातीशी बांधली. नडीतून निघालेली ती युक्ती आज जगभर उपचार म्हणून मान्य आहे. आपल्या आरोग्य मंत्रालयानेही २०१७ मध्ये नवजात कक्षात आईबापांना शिकवून शुश्रूषेत सहभागी करण्याच्या सूचना काढल्या. जंतुसंसर्गाचे भय खोटे नाही आणि परिचारिकांवरील भारही हलका नाही. पण हात धुवून, आवश्यक ते शिकून आत आलेली आई हा भार वाढवील की वाटून घेईल?

मूल वाचले की आई सारे हाल विसरते आणि ‘सगळे बरे होते’ असेच सांगते. ज्यांचे वाचत नाही त्यांना विचारायला कोणी जात नाही. म्हणून समाधान विचारण्यापेक्षा साध्या गोष्टी विचाराव्यात. प्रकृती दिवसातून किती वेळा सांगितली? कळेल अशा भाषेत सांगितली काय? रात्री अंग टाकलेत ते कोठे?

मुंबईत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळची १९६८ पासूनची नाना पालकर स्मृती समिती परगावच्या रुग्णांना नि नातलगांना आसरा देतात. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. रुग्ण वाढणार हे उघड आहे. तेथील नव्या इमारतींचे आराखडे करताना आयांच्या निवासासाठी निदान एक मजला राखून ठेवावा आणि त्याचा खर्च देणगीदारांवर न टाकता अंदाजपत्रकातच दाखवावा.