सातबारा नाही, म्हणून नुकसानही नाही?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने आणि जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने गेवराई तालुक्यातील गोदाकाठची शेते पाण्याखाली गेली. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० आणि रब्बीच्या बियाणे-खतासाठी आणखी १०,००० असे १८,५०० रुपये, मर्यादा तीन हेक्टरची. शेतकऱ्याचा खर्च पाहता ही रक्कम अपुरीच आहे आणि ती वाढवून मागण्याच्या लढ्यात आपण शेतकऱ्यांसोबतच आहोत.

पण त्याआधीचा एक प्रश्न कोणी विचारत नाही. ही मदत पोहोचते कोणाला?

पंचनाम्याची सुरुवात सातबाऱ्यापासून होते. नाव असेल तर यादीत, यादीत असेल तर ई-केवायसी किंवा फार्मर आयडी, मग आधार जोडलेल्या खात्यावर पैसे. बटईने शेत करणाऱ्याचे पीक वाहून गेले तरी अनुदान मूळ मालकाच्या नावावर पडते. पिढ्यानपिढ्या गायरान कसणाऱ्या बौद्ध, मातंग, भिल्ल, पारधी कुटुंबांची नोंद तर ‘अतिक्रमणधारक’ अशी. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरी अनेकांचा सातबारा आजही कोरा आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. ते ज्या प्रश्नासाठी होते, तोच प्रश्न आज अनुदानाच्या यादीत दिसतो.

सर्वात शेवटी उरते मजूर. कापूस सडला की वेचणीची मजुरी गेली. ती मजुरी कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. मग ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेण्याशिवाय पर्याय राहत नाही.

इथे एक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय निकषांत, ज्यांची उपजीविका गंभीररीत्या बाधित झाली अशा कुटुंबांसाठीही तरतूद आहे. कुटुंबातील दोन प्रौढांना रोजगार हमीच्या दराने साधारण ३० दिवसांपर्यंत मदत देता येते. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये. दोघांचे महिन्याचे होतात १८,७२० रुपये, म्हणजे एक हेक्टर कोरडवाहू पिकाच्या मदतीइतकेच. निकषांत जागा असूनही मजुरांची यादी मागितली जात नाही, कारण त्यांच्या वतीने मागणारेच कमी आहेत.

म्हणून प्रत्येक वस्तीवर तीन कामे हवीत. एक, ज्यांची मजुरी बुडाली त्या कुटुंबांची यादी करून ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि तो तहसीलदारांकडे पोच घेऊन द्यावा. दोन, गायरान कसणाऱ्यांनी गाव नमुना एक-ईचा उतारा, दंडाच्या पावत्या आणि पिकाचे फोटो जपून ठेवावेत आणि पंचनाम्याची लेखी मागणी करावी. तीन, ज्यांची थोडीफार जमीन आहे त्यांनी वारस नोंद आणि सामाईक खातेदारांचे संमतीपत्र लगेच पूर्ण करावे. आपल्या अनेक घरांचे अनुदान तिथेच अडकते.

पूर सातबारा पाहून येत नाही. मदत मात्र सातबारा पाहूनच येते. हा नियम बदलायचा तर पुढच्या पावसाची वाट पाहून चालणार नाही. अर्ज आत्ताच पडले पाहिजेत.

जय भीम!