भोयांची नावे दगडावर कोरा!

टेसिफॉनच्या रणात पडलेल्या आमच्या कित्येक शिपायांना तुर्कांच्या गोळीने मारले नाही. त्यांना मारले सिमल्याच्या गारव्यात बसून खर्चाला कात्री लावणाऱ्या सरकारने! हा आरोप आम्ही शब्द तोलून करतो.

पहिले महायुद्ध, २२ नोव्हेंबर १९१५. इंग्रजांच्या फौजेतली पुणे डिव्हिजन बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांच्या खंदकांवर चालून गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. साडेतीन हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली. दवापाण्याची तजवीज होती जेमतेम काही शेकड्यांची.

खंदकाच्या लढाईत जखमीचा जीव दोन गोष्टींवर टांगलेला असतो. एक, फळीच्या पाठीमागची मलमपट्टीची चौकी. तिथे रक्त थांबवायचे, मोडलेले हाड बांधायचे, मॉर्फिया टोचायचा. दुसरी, तिथपर्यंत पोचवणारे खांदे. हे खांदे होते आर्मी बेअरर कोअरच्या डोलीवाल्यांचे, भोयांचे. मेसोपोटेमियाच्या सपाट माळावर आडोशाला झुडूपही नाही. शिपाई आडवा पडून जीव वाचवतो; डोली खांद्यावर असलेल्याने आडवे कसे पडायचे? हातात शस्त्र नाही, वर गोळ्यांचा मारा. आणि लष्कराच्या दप्तरी हे कोण? शिपाई नव्हेत, छावणीमागचे नोकर! बाजारबुणग्यांच्या रांगेत त्यांना बसवले.

त्यांनी आपले काम केले. पुढे काय होते? खेचरांच्या बिनकमानीच्या गाड्या. मांड्या मोडलेली, पोटे फाटलेली माणसे त्यांत घालून टायग्रिस नदीकाठच्या लज गावापर्यंत मैलोन्‌मैल खडबडीत जमिनीवरून हाकली. तिथून बसऱ्यापर्यंत बोटी. 'मेजिदिये' नावाची बोट बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर या डॉक्टराने जे पाहिले ते त्याने पुढे मेसोपोटेमिया चौकशी आयोगापुढे सांगितले. दुरून त्याला बोटीच्या कडेने दोर लोंबताहेत असे वाटले. ते दोर नव्हते, वाळलेला मैला होता. हलता न येणारी माणसे जागच्या जागी घाणीत पडून होती, जखमांत किडे वळवळत होते, मोडक्या हाडांना व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्या आणि भुशाच्या गठ्ठ्यांची तार बांधलेली होती.

आणि वरिष्ठांनी तार काय ठोकली? जखमींची स्थिती समाधानकारक, वैद्यकीय व्यवस्था उत्तम! धडधडीत खोटे! खरे बोलणाऱ्या कार्टरला मात्र अटकेची धमकी मिळाली.

पैसा नव्हता म्हणता? १९१४ च्या डिसेंबरात विलायतेत ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी इस्पितळ उघडले, त्याचे फोटो काढून जगभर मिरवले. म्हणजे करायचे कसे हे ठाऊक होते. विलायतेच्या डोळ्यांसमोर औदार्य आणि टायग्रिसच्या काठी उकिरडा!

युद्धाच्या पैशाशी आमचेही नाते आहे. आम्ही हे मराठवाड्यातल्या चुडाव्यातून लिहितो. तेव्हा हे गाव निजामाच्या मुलखात होते. निजामाने इंग्रजांच्या युद्धात पैसा ओतला, घोडदळ धाडले आणि 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' हा किताब पदरात पाडून घेतला. त्याचा खजिना भरत होता कोण? ज्वारी-कापूस पिकवून सारा भरणारी आमचीच पणजोबांची पिढी. त्या पैशाचा जाब द्यायला कुणी चुडाव्याला आले नाही, म्हणून आज आम्हीच तो विचारतो.

१९१७ साली मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल आला. चेंबरलेन भारतमंत्रिपदावरून पायउतार झाले. माजी व्हाइसरॉय हार्डिंग यांचा राजीनामा स्वीकारलाच गेला नाही. एकाही बड्या अधिकाऱ्यावर खटला उभा राहिला नाही. माणसे कुजली, बडे सुटले!

अन्याय तिथेच थांबला असता तरी तो इतिहासाच्या खात्यात टाकता आला असता. पण बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरलेले आहे आणि साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला आहे. मराठा शिपायाची ही गत, तर डोली वाहणाऱ्या भोयाला कोण पुसतो? २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या दुजाभावाची कबुली देऊन माफी मागितली. माफी कागदावर आहे. दगड अजून मुका आहे.

भारत सरकारने हा प्रश्न युद्धसमाधी आयोगापुढे मांडून तडीस न्यावा. शिपायाचे नाव कोरले जावे आणि त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, डोलीवाल्याचेही. मराठवाड्यात ज्यांच्या घरी जुने पदक, पेन्शनचा कागद, पलटणीची चिठ्ठी असेल, त्यांनी ती पेटीतून बाहेर काढून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदवावी. नावे मिळत नाहीत ही सबब सरकारला यापुढे उरता कामा नये.