तिच्या वेळेने

१८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांकडे राहिल्या. त्यातला काही काळ आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात. पुढे नवऱ्याजवळ परतल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावरच. टिळकांनी वाट पाहिली, हे मला त्या संसारातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

आज सोलापुरातली ख्रिस्ती आई रविवारी भाकऱ्या थापून, पोरांना तयार करून चर्चला पोचते, तेव्हा कधी उपासना अर्धी झालेली असते. तिला बोल लावू नका; टिळकांसारखी तिच्या वेळेची वाट पाहा. प्रार्थनेला निवांत वेळ तिलाही हवा. नवऱ्यांनो, शनिवारी रात्रीच कपड्यांना इस्त्री करा; सकाळी मुलांच्या आंघोळी तुम्ही उरका.