स्वयंपाकघर हलवताना

घर बदलायचं ठरलं की घरातली पुरुषमंडळी कपाट, पलंग आणि फ्रीज यांचाच विचार करतात. स्वयंपाकघराचं नाव निघालं की उत्तर ठरलेलं, "भांडी काय, गोणीत भरू!" आम्हाला हे पटत नाही. सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकघरालाच लागतो आणि घरातल्या कुरबुरीही तिथूनच सुरू होतात.

त्यातली मोठी कुरबुर तांब्याच्या देगची-पातेल्यांवरून. सासूबाईंच्या लग्नातली देगची ईदला, नाहीतर घरात अकीका असला तरच निघते. फ्लॅटच्या ओट्याखाली ती मावत नाही. भंगारवाला तांबं वजनावर घेतो, पैसे बरे येतात आणि आवराआवरीच्या घाईत कोणीतरी ती देऊन टाकतं. टेम्पो दारात उभा असताना असा निर्णय घेऊ नये. महिनाभर आधी अम्मींना जवळ बसवावं, एकेक भांडं त्यांच्यापुढे ठेवावं. कोणतं न्यायचं, कोणतं लेकीकडे द्यायचं, कोणतं जमातीच्या भांड्यांत जमा करायचं, हे त्यांनीच सांगावं. इतकी वर्षं त्यात त्यांनीच शिजवलंय. न्यायच्या भांड्यांना निघण्याआधीच कलई करून घ्यावी. जुन्या मोहल्ल्यातला कलईवाला माहितीचा असतो, नव्या वसाहतीत शोधावा लागतो. आणि कलई उडालेल्या तांब्यात आंबट शिजवणं धोक्याचं.

काचेची भांडी आणि चिनी मातीच्या रकाब्या गुंडाळायला जुन्या ओढण्या, चादरी, टॉवेल काढावेत. उर्दू वर्तमानपत्रात कुठे आयत, कुठे अल्लाहचं नाव छापलेलं असतं, तो कागद भांड्यांना नकोच. रकाब्या आडव्या न रचता उभ्या लावाव्यात, कमी फुटतात. जड सामान लहान खोक्यात, हलकं मोठ्या खोक्यात. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर प्लास्टिक बांधून मग झाकण लावावं आणि ती मांडीवर घेऊनच जावी. विळी-सुऱ्या जाड कापडात बांधून वर तसं लिहावं, हमालांचे हातही हातच आहेत.

गॅसचं काम आठवडाभर आधी उरकावं. दुसऱ्या शहरात जायचं असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्यावी, कागद जपून ठेवावा. नवीन ठिकाणी त्याच कागदावर जोडणी मिळते. फ्रीज आदल्या रात्री बंद करून रिकामा करावा, उभाच न्यावा आणि नव्या घरात काही तास तसाच ठेवून मग सुरू करावा.

एक खोका मात्र वेगळा भरावा. त्यात चहाचं पातेलं, चहापत्ती, साखर, मीठ, तवा, चिमटा, लायटर, एक सुरी, चार ताटं-पेले, दस्तरखान आणि अब्बांच्या गोळ्या. हा खोका टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवावा, म्हणजे तो सगळ्यात आधी उतरतो.